पायाखालचं नाशिक – लेखांक ५ : सोळा आण्यांची काळी

शेतसाऱ्यासाठी जमिनीची प्रत ठरवायला कंपनी सरकारचे कारकून गावोगाव फिरले तेव्हा त्यांच्याजवळ प्रयोगशाळा नव्हती. पहार होती आणि खुणा करायला कागद होता. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापूर तालुक्यात ही पद्धत बसवायला घेतली. १८४० च्या दशकात ती नाशिककडच्या तालुक्यांत आली आणि १८४७ च्या संयुक्त अहवालात तिचे नियम पक्के झाले. शेताचे भाग पाडायचे, प्रत्येक भागात पहारीनं उकरून पाहायचं आणि पोत-रंग, खोली व दोष एवढंच टिपायचं. बारीक, एकजीव पोताची काळी माती पावणेदोन हात खोल लागली की ती सोळा आण्यांची. खोली घटली की आणे उतरायचे: चौदा, बारा, दहा, असं करत थेट दोन आण्यांपर्यंत. मग दोषांची वजावट. चुनखडीचे खडे असले, वाळू असली, उतार असला, पाणी तुंबत असलं, तर दर दोषामागे जमीन एक पायरी खाली.

हेतू साऱ्याचा होता, विज्ञानाचा नव्हे. पण जमीन वरून पाहून कळत नाही, खणावी लागते, हे त्या प्रतबंदीनं बरोबर ओळखलं होतं. नाशिक जिल्ह्याचं गॅझेटियर १८८३ मध्ये निघालं. योगायोग असा, की त्याच वर्षी रशियात वसिली दोकुचायेव यांचा तिथल्या काळ्या मातीवरचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. माती म्हणजे नुसता खडकाचा चुरा नव्हे. खडक, हवामान, जीवसृष्टी, चढउतार आणि काळ यांनी मिळून घडवलेली ती वेगळीच वस्तू आहे आणि तिचा स्वभाव उभ्या छेदात वाचायचा असतो, ही मांडणी तिथून रूढ झाली. आज जगभर मातीच्या छेदाचे ए, बी, सी असे थर मोजतात ते त्याच परंपरेतून. आपल्या जिल्ह्यात काळी, माळ, कोरळ आणि बरड अशी जी चार नावं चालत आली आहेत, ती मात्र या सगळ्याच्या कितीतरी आधीची.

मागच्या लेखांकात आपण लाव्हाच्या पायऱ्या पाहिल्या. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा तो बेसाल्ट. आज त्याच्या वरची कातडी सोलून पाहू. त्यासाठी निफाड तालुक्यात, गोदावरी-कादवेच्या खोऱ्यात जाणं सोयीचं, कारण तिथे शेततळं नाहीतर विहीर खणायला कुठे ना कुठे पोकलेन लागलेलाच असतो. बकेटनं कापलेला ताजा कडा एक-दोन दिवसच वाचण्याजोगा राहतो. नंतर तो सुकतो, भेगाळतो आणि ढासळू लागतो. खाली दिलेली खोली गावागणिक, बांधागणिक बदलेल. क्रम सहसा बदलत नाही.

सगळ्यात वर वीतभर, फार तर फूटभर मशागतीचा थर. ओलणं आणि सुकणं यांच्या फेऱ्यांत इथली ढेकळं आपणहून फुटतात, बारीक दाणेदार होतात. चांगल्या काळ्या रानाला उन्हाळ्यात वरून भुसभुशीत चादर येते ती अशी, आणि ती खालच्या ओलीला झाकून ठेवते. कांद्याचा सारा संसार या थरात. त्याची मुळं फूटभराच्या खाली फारशी जातच नाहीत, त्यामुळे लासलगावच्या बाजारात येणारा माल जमिनीच्या वरच्या कातडीवरच वाढलेला असतो. या थराच्या तळाशी हाताला एक घट्ट पट्टी लागते. वर्षानुवर्षं एकाच खोलीवर चाललेला फाळ किंवा रोटाव्हेटर आणि वरून ट्रॅक्टरचं वजन यांनी ती दाबून बसवलेली असते. निसर्गात ती नव्हती.

त्याखाली दोन-अडीच फुटांपर्यंत टोकदार कडांच्या ढेपा. रंग वरच्यासारखाच, त्यामुळे नवख्याला थर बदलल्याचं कळत नाही. कळतं ते हातानं. ढेप सुकी असेल तर दगड, ओली असेल तर बोटांना सोडत नाही.

तीन फुटांच्या आसपास खरी गंमत आहे. इथली ढेप फोडली तर तिची एखादी बाजू पॉलिश केल्यासारखी चमकते. नीट पाहिलं तर त्या चमकेवर एकाच दिशेनं गेलेले बारीक ओरखडे दिसतात. मातीचे दोन भाग प्रचंड दाबाखाली एकमेकांवरून तिरके सरकले, त्याची ही खूण. भारी काळ्या जमिनीची ओळख पटवायची असेल तर मृदाशास्त्रज्ञ रंगापेक्षा या चमकत्या, तिरक्या पृष्ठभागांवर जास्त विश्वास ठेवतात.

माती सरकते कशामुळे? या जमिनीत चिकणमातीचं प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के असतं आणि ती चिकणमाती मुख्यतः स्मेक्टाइट गटातली. तिचा कण म्हणजे वहीच्या पानांची चळत समजा: पाऊस पडला की पाणी पानापानांत शिरतं आणि चळत फुगते, ऊन लागलं की पाणी निघून जातं आणि चळत आक्रसते. अशा एक ग्रॅम चिकणमातीच्या आतल्या-बाहेरच्या पृष्ठभागाची बेरीज ७०० ते ८०० चौरस मीटर भरते. पाणी आणि खतातली अन्नद्रव्यं धरून ठेवायला एवढी जागा फार थोड्या मातींत असते. पण धरून ठेवणं आणि देणं यांत फरक आहे. बरंचसं पाणी ही माती इतकं घट्ट धरते की मुळांना ते ओढता येत नाही. भारी रानात माती हाताला ओलसर लागते आणि पीक मात्र माना टाकतं, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं सांगायला नको.

मार्च-एप्रिलमध्ये याच आक्रसण्यातून भेगा पडतात, कधी हातभर तर कधी त्याहूनही खोल. वरचे भुसभुशीत दाणे, पाचोळा, काडीकचरा त्या भेगांत पडतो. वळीव आला की पहिलं पाणी भेगांतून सरळ खाली धावतं. मग तळची माती फुगू लागते, पण भेग तर आधीच वरच्या मातीनं भरलेली. जागा पुरत नाही. मग माती बाजूला रेटते, वर उचलते, तिरकी सरकते. कुंपणाचे खांब कलतात ते यामुळे आणि नाशिक शहराच्या कडेला काळ्या रानात उठलेल्या बंगल्यांच्या भिंती तडकतात त्याही यामुळे. पाया मुरमापर्यंत नेला नाही तर घर दर वर्षी जमिनीबरोबर वरखाली होत राहतं.

जुन्या लोकांना हे ठाऊक होतं. गाव पांढरीत आणि शेत काळीत, ही वाटणी उगाच झालेली नाही. धाब्याच्या घरावर पांढरी मातीच टाकायची. काळी टाकली तर उन्हाळ्यात भेगाळणार आणि पावसाळ्यात गळणार. ही पांढरी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या वस्तीची राख, शेण, पडलेल्या भिंती यांचा साठलेला ढीग. नाशिकची गोदाकाठची मातीची गढी ही तशीच. १९५०-५१ मध्ये ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी ती खणली तेव्हा तळाशी ताम्रपाषाणयुगातल्या वस्तीचे अवशेष निघाले. म्हणजे माणसानंही थर घातले आहेत, आणि ते लाव्हाच्या थरांपेक्षा वाचायला सोपे आहेत.

फुगण्या-आक्रसण्याच्या दर वर्षीच्या घुसळणीमुळे भारी काळ्या जमिनीत वरून खाली रंग जवळपास एकसारखा राहतो. पाठ्यपुस्तकात दाखवतात तसे स्वच्छ कापलेल्या पट्ट्यांसारखे थर इथे शोधू नयेत. इथे थर रंगानं ओळखायचे नसतात. ढेपेचा आकार, तिचा कडकपणा, तिच्यावरची चमक आणि आणखी खाली गेलं की पांढरे खडे, एवढ्यावर ते ओळखायचे.

ते पांढरे खडे म्हणजे चुनखडी. बेसाल्टच्या खनिजांत कॅल्शियम भरपूर. पावसाचं पाणी ते विरघळवून खाली नेतं आणि पाणी जिथे सुकतं तिथे चुन्याच्या गाठी धरतात. चुनखडीची खोली त्यामुळे साधारणपणे पाऊस किती खोल मुरत आला आहे हे सांगते. पाऊस चांगला तिथे चुना खोल किंवा पार धुपून गेलेला. येवला, नांदगावकडे पाऊस कमी, तिथे तो वर. मातीवर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला आणि ती फसफसली की चुना आहे असं समजावं. द्राक्षाची कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात, तेव्हा बहुधा जमिनीत लोह नसतं असं नाही. चुन्यामुळे ते मुळांना घेता येत नाही. स्फुरदाचंही तेच; पोत्यानं दिलेलं खत चुना आपल्याकडे ओढून घेतो. विंगेटच्या कारकुनांनी चुनखडीला दोष मानून आणे कापले, ते रसायनशास्त्र न शिकता.

चुनखडीच्या खाली माती पिवळसर तपकिरी होत जाते आणि मग मुरूम लागतो. मुरूम म्हणजे अर्धवट कुजलेला बेसाल्ट: पहारीनं निघतो, हातानं चुरतो, पाणी सहज जाऊ देतो. त्याखाली मांजऱ्या म्हणजे सच्छिद्र खडक, मग फुटता फुटत नाही असा काळा पाषाण. विहिरी खणणाऱ्यांना हा क्रम तोंडपाठ असतो. मुरमात आणि मांजऱ्यात कधी पांढरी, चमकती स्फटिकं निघतात. लाव्हातल्या वायूच्या पोकळ्यांत तयार झालेले ते झिओलाइट. सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात त्यांचे देखणे नमुने मांडले आहेत. पण मातीच्या दृष्टीनं त्यांचं सौंदर्य दुय्यम. नागपूरच्या मृदा सर्वेक्षण संस्थेतल्या डी. के. पाल, टी. भट्टाचार्य आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की हे झिओलाइट झिजताना कॅल्शियमचा पुरवठा करत राहतात, म्हणून सह्याद्रीच्या भर पावसाच्या पट्ट्यातही कुठे कुठे काळी माती टिकून आहे. एरवी तिथे ती केव्हाच तांबडी व्हायला हवी होती.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. नदीकाठची पुरुषभर खोल काळी त्याच जागच्या खडकाची झीज होऊन बनली, असं पुष्कळांना वाटतं. बहुतेक ठिकाणी ती वरच्या डोंगरउतारांवरून पाण्यानं आणून साठवलेली आहे. माथ्यावर वीतभर बरड, उतारावर मध्यम, खोऱ्यात खोल काळी. एकाच खडकाची ही तीन घरं आहेत, आणि खालच्याची श्रीमंती वरच्याच्या नुकसानीतून आलेली आहे. जिल्ह्याच्या नकाशावर पाहिलं तर हाच खेळ पावसानं आणखी मोठा केला आहे. इगतपुरीला वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, नांदगाव-येवल्याला ५०० च्या आसपास. पश्चिमेला पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडे पावसानं चुना धुऊन नेला, लोहाचे गंज मागे उरले आणि माती तांबडी झाली. तिथे भात, नागली, वरई. पूर्वेला त्याच बेसाल्टची चुनखडीची काळी.

आता रंगाविषयी. काळी माती म्हणजे सेंद्रिय पदार्थानं भरलेली, असं आपण गृहीत धरतो. अमेरिकेतल्या प्रेअरीची किंवा युक्रेनची काळी माती खरोखरच तशी आहे. तिथे हजारो वर्षं उंच गवत वाढलं, त्याची मुळं जमिनीतच मेली आणि गोठवणाऱ्या हिवाळ्यामुळे ती सावकाश कुजली. त्यामुळे तिथे चार-पाच टक्के सेंद्रिय पदार्थ असणं नवलाचं नाही. आपल्याकडच्या शेतातल्या काळीत सेंद्रिय कर्ब पुष्कळदा अर्धा टक्कासुद्धा भरत नाही. उन्हाळ्याच्या तापात जीवाणू तो फार काळ शिल्लक ठेवत नाहीत. मग रंग कुठून? जो थोडा सेंद्रिय अंश आहे तो स्मेक्टाइटला इतका घट्ट चिकटलेला असतो की तेवढ्यानंही माती काळी दिसते. आपली काळी आणि प्रेअरीची काळी या रंगानं बहिणी, पण त्यांचं रक्त वेगळं.

अपवाद टेक्सासचा. तिथल्या ‘ब्लॅकलँड प्रेअरी’त मूळची गवताळ रानं होती, पण त्यांच्याखाली आपल्यासारखीच फुगणारी, भेगाळणारी, चुनखडीची काळी माती आहे. ह्यूस्टन ब्लॅक नावाची ही माती टेक्सासची राज्यमाती म्हणून गौरवली जाते. आणि नाशिकचा टेक्सासशी एक संबंध रोज आपल्या बागेत उभा असतो, तो म्हणजे डॉगरिज. ज्या खुंटावर आपण थॉमसन द्राक्षाचं कलम बांधतो, तो टेक्सासच्या बेल काउंटीतल्या रानटी वेलींतून द्राक्षतज्ज्ञ टी. व्ही. मन्सन यांनी निवडला. चुना आणि क्षार सोसणाऱ्या त्या प्रदेशाच्या वेली. १९९० च्या दशकापासून निफाड-दिंडोरीत हा खुंट पसरला. तो पसरण्याची कारणं जमिनीत आणि पाण्यात होती. विहिरी-बोअरचं खारट पाणी आणि चुनखडी यांपुढे स्वतःच्या मुळांवरचा थॉमसन टिकेनासा झाला होता.

इथेच विंगेटची आणेवारी उलटली. सोळा आणे त्यांनी खोलीला दिले, कारण त्या काळी खोली म्हणजे पाणी. गहू, हरभरा, रब्बी ज्वारी ही पिकं दिवाळीनंतर केवळ साठलेल्या ओलीवर यायची. मीटरभर खोल काळी जमीन पिकाच्या उपयोगी पडेल असं साधारण १५० ते २०० मिलिमीटर पाणी पोटात ठेवते. माथ्यावरच्या बरडाला हे जमत नाही, म्हणून त्याला दोन-तीन आणे. तो हिशेब कोरडवाहू शेतीसाठी चोख होता. मग दारणा आणि गंगापूरसारखी धरणं आली, पालखेडचे कालवे आले, मोटा जाऊन पंप आले, शेवटी ठिबक आलं. ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी १९२५ मध्ये द्राक्ष लावल्याचं सांगतात; त्यानंतर काही दशकांत हे पीक जिल्ह्याचं नाव झालं. पाणी नळीतून येऊ लागल्यावर जमिनीनं ते साठवण्याची गरज उरली नाही. उलट नको असलेलं पाणी सोडून देण्याची गरज निर्माण झाली.

भारी काळीत पाऊस मुरण्याचा वेग भेगा मिटल्यावर अगदी मंदावतो. द्राक्षाची गोडी छाटणी झाल्यावर ऑक्टोबरात दोन-तीन दिवस पाऊस लागला की मुळांभोवतीची हवा संपते. मग पांढरी मुळी चालत नाही, फुटवा रेंगाळतो, डावणी रोगावर फवारणी करायची तर वाफसा नसल्यानं ट्रॅक्टर आत घालता येत नाही. जोम जास्त आणि घड कमी, ही तक्रारही याच जमिनीतली. त्याच वेळी शेजारच्या मुरमाड रानातली बाग दुसऱ्या दिवशी कोरडी. म्हणून गेल्या काही दशकांत ज्या टेकड्यांना कुणी विचारत नव्हतं तिथे बागा चढल्या. सोळा आण्यांच्या रानातला बागायतदार आज बेड उंच करतो, चर खोदतो, निचऱ्याचे पाइप टाकतो. म्हणजे आपल्या जमिनीला थोडीशी मुरमाड करायला पैसे मोजतो. माझ्या मते यात काळीचा दोष नाही. गहू-हरभऱ्यासाठी ती अजूनही सोळा आण्यांचीच आहे. बदललं आहे ते पीक आणि पाण्याची वाट.

एवढं सगळं तीन-चार फुटांत घडत असताना आपण तपासतो किती? २०१५ पासून मिळणाऱ्या मृदा आरोग्य पत्रिकेत बारा घटक असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्यं. पत्रिका कामाची आहे, पण तिचा नमुना वरच्या वीतभर थरातला. खोलीचा रकाना नाही, चुनखडीचा नाही, निचऱ्याचा नाही. कांद्याला हे चालेल. पंधरा-वीस वर्षं उभ्या राहणाऱ्या द्राक्षाला किंवा डाळिंबाला चालणार नाही. सारा वसूल करणाऱ्यानं पावणेदोन हात खणलं आणि खत देणारा वीतभर खणतो, हे जरा चमत्कारिकच आहे. बाग लावायची असेल तर शेताच्या वरच्या, मधल्या आणि खालच्या अंगाला कमरेइतका एकेक खड्डा घ्यावा आणि फूट-फूट अंतरावरचे नमुने वेगवेगळ्या पिशव्यांत प्रयोगशाळेत द्यावेत. ‘मुक्त चुन्याचं प्रमाण काढून द्या’ असं स्पष्ट सांगावं.

आणि एक गोष्ट, कारण ती सध्या सगळीकडे चालू आहे. मुरमाड रानात धरणाचा गाळ आणून टाकण्याची. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेनं तिला बळ मिळालं. कल्पना चांगलीच आहे. डोंगरावरून जे वाहून गेलं तेच परत चढवायचं. पण मुरमावर गाळाचा जाड थर नुसता पसरून सोडला तर एक नवा, निसर्गात नसलेला सांधा तयार होतो. बारीक चिकण माती वर, भरड मुरूम खाली. वरचा गाळ पुरता तुडुंब झाल्याखेरीज पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत उतरत नाही, त्यामुळे जो मुरूम निचऱ्यासाठी निवडला त्याच्यावरच पाणी तुंबून राहतं आणि मुळं सांध्यापाशी वळून आडवी पसरतात. गाळ पातळ टाकावा, तो आधी तपासून घ्यावा, कारण त्यातही चुना आणि क्षार असू शकतात, आणि खोल नांगरटीनं तो मुरमात मिसळून घ्यावा.

पुढच्या आठवड्यात मांजऱ्याच्या खाली उतरू: पाणी नेमकं कोणत्या फटीत राहतं आणि दहा पावलांवरच्या दुसऱ्या बोअरला ते का लागत नाही.